गिरणीतल्या हॉटेलावर राग कशासाठी?

जुन्या कारखान्याच्या इमारतीत हॉटेल उघडलं, कपड्यांचं दुकान थाटलं, की आपल्याकडच्या विचारी माणसांच्या पोटात कालवतं. जिथे कामगारांनी घाम गाळला तिथे आता पैसेवाल्यांची पोरं कॉफी पितात, ही कामगारांची विटंबना आहे, असं भाषणांत बोललं जातं, लेखांत लिहिलं जातं. मुंबईच्या गिरण्यांबद्दल हे आपण कितीतरी वर्षं ऐकतो आहोत. इंग्लंडमधल्या व्हिक्टोरियन गिरण्या, गोद्यांवरची गोदामं, रेल्वेचे कोळशाचे धक्के यांची डागडुजी करून तिथे बाजार भरवले गेले, त्यांच्याकडे बोट दाखवूनही हेच म्हटलं जातं: भांडवलानं आधी कामगाराला हाकललं आणि मग त्याची कामाची जागा शोभेला मांडली.

असं म्हणणारी माणसं मला परकी नाहीत. त्यांच्या कळवळ्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण त्यांचा हा मुद्दा चुकीचा आहे, आणि तो गिरणगावाला महागात पडला आहे, म्हणून हा लेख.

आधी त्या जागेच्या पावित्र्याबद्दल. माझे वडील साचेखात्यात होते. साचेखातं म्हणजे एका छपराखाली शेकडो माग, आणि प्रत्येक मागाचा धोटा दिवसभर, रात्रभर इकडून तिकडे आपटणारा. शेजारच्या मागावरचा माणूस काय म्हणतोय ते ओठांवरून ओळखावं लागे. लँकेशायरमधल्या विणकर बायाही अशाच, तोंड मोठं करून, हातवारे करून बोलत. सूत तुटू नये म्हणून खात्यातली हवा मुद्दाम दमट ठेवत. कापसाची पूड फुप्फुसात बसे. बहिरेपण, दमा, क्षय हे कामाबरोबर येत. वडिलांना अभिमान होता तो हातातल्या कसबाचा, संपातल्या एकजुटीचा, चाळीतल्या भजनी मंडळाचा. त्या कोंदट खात्याला त्यांनी कधी देऊळ मानलं नाही. ज्यांनी तिथे एक पाळी भरली नाही त्यांनीच पुढे त्याचं देऊळ केलं.

मग ती इमारत वाचवायची कशाला? कारण तिच्यात उभं राहिल्याशिवाय त्या कामाचा आवाका कळत नाही. विणकामाच्या शेडचं छप्पर करवतीच्या दात्यांसारखं का असतं? प्रत्येक दात्याच्या उभ्या बाजूला काच, आणि ती काच उत्तरेकडे. थेट ऊन आत येत नाही, सावल्या पडत नाहीत, सगळ्या मागांवर सारखा उजेड पडतो आणि तुटलेला धागा डोळ्याला दिसतो. ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सची यंत्रं जहाजातून मुंबईला आली, तशीच ही रचनाही आली. खाली ओतीव लोखंडाचे खांब एका ओळीत किती दूरवर जातात हे पाहिलं की हजार माणसं एका भोंग्यावर आत-बाहेर होत म्हणजे काय, ते पायांना समजतं. फोटोतून हे समजत नाही. ती शेड पाडली की कामगाराच्या आयुष्याचा सगळ्यात मोठा पुरावा पाडला जातो. आत कॉफी विकली जाते की कापड, हा त्यानंतरचा प्रश्न.

गिरणीत जेवणावळ झाली म्हणजे गिरणी बाटते, हे तर इतिहासालाही धरून नाही. ब्रॅडफर्डजवळ सॉल्टेअर नावाचं गाव आहे. टायटस सॉल्ट या लोकरीच्या कारखानदारानं ते गिरणीसकट वसवलं. २० सप्टेंबर १८५३ रोजी, आपल्या पन्नासाव्या वाढदिवशी, त्यानं गिरणीचं उद्घाटन केलं ते लोकर विंचरण्याच्या खात्यात पंगत मांडून. तीन हजारांहून अधिक माणसं जेवली आणि त्यांत कामगारांची संख्या मोठी होती. गिरणीसमोर कामगारांसाठी भोजनगृहही होतं. सॉल्ट कोणी संत नव्हता. त्याच्या गिरणीत लहान मुलं राबत, आणि गावात दारूचा गुत्ता नको हे त्यानं एकट्यानं ठरवून टाकलं होतं. पण ५४५ फूट लांबीच्या त्या दगडी इमारतीत तीन हजारांवर माणसं काम करत, आणि खाणं-पिणं हा त्या जागेच्या आयुष्याचा पहिल्या दिवसापासूनचा भाग होता.

ही गिरणी १९८६ मध्ये बंद पडली. पुढच्याच वर्षी जोनाथन सिल्व्हर या ब्रॅडफर्डच्याच माणसानं ती विकत घेतली. कपड्यांच्या धंद्यात मुरलेला हा गृहस्थ. त्यानं आपल्याच गावच्या डेव्हिड हॉकनीची चित्रं तळमजल्यावर लावली. मग पुस्तकांचं दुकान आलं, खानपानगृह आलं, घरगुती वस्तूंची दुकानं आली. गिरणीच्या आवारात टीव्हीचे सेट-टॉप बॉक्स बनवणारी कंपनीही आली, म्हणजे नोकऱ्या आल्या. चित्रं बघायला तिकीट ठेवलं नाही. सिल्व्हर १९९७ मध्ये वारला, त्याच्या कुटुंबानं गिरणी पुढे चालू ठेवली, आणि २००१ मध्ये सॉल्टेअर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलं. आता कोणी मला सांगावं की यात कामगाराचा अपमान कुठे झाला. ज्या गिरणीत कामावर जायला आजी फाटकातून आत शिरायची, त्याच फाटकातून नात पुस्तक घ्यायला शिरते. मला यात अपमान दिसत नाही.

दुसरा पर्याय काय होता, तेही बघा. ब्रॅडफर्डमधलीच ड्रमंड मिल २०१६ च्या जानेवारीत आगीत गेली. जवळच्या किथलीमधली डाल्टन मिल्स, १८६० च्या दशकातली प्रचंड इमारत, मार्च २०२२ मध्ये जळाली. उत्तर इंग्लंडमध्ये अशा आगींची बातमी आता लोकांना नवी वाटत नाही. ज्या इमारतीत माणसांची ये-जा नाही तिचं आधी छप्पर गळतं, मग कबुतरं शिरतात, शिसं-तांबं चोरणारे येतात आणि शेवटी आग. मुंबईनं रिकाम्या गिरणीचं याहून भयंकर रूप पाहिलं आहे. महालक्ष्मीजवळच्या पडीक शक्ती मिलच्या आवारात २०१३ मध्ये झालेला सामूहिक बलात्कार या शहरातली एकही बाई विसरलेली नाही. ओस पडलेली गिरणी कामगारांच्या स्मृतीचा मान राखते, असं मानणाऱ्यांनी त्या आवाराची आठवण ठेवावी.

यावर ठरलेलं उत्तर येतं: मग संग्रहालय करा. मलाही संग्रहालय हवं आहे. पण नुसतं संग्रहालय किती तग धरतं? बर्नलीजवळ क्वीन स्ट्रीट मिल आहे, १८९४-९५ ची. वाफेवर चालणारी, खरोखरीचं कापड विणणारी ती इंग्लंडमधली शेवटची गिरणी. १९८२ मध्ये धंदा म्हणून बंद झाली आणि संग्रहालय झाली. तिच्या वाफेच्या इंजिनाचं नाव ‘पीस’, शांतता. शेकडो माग जागच्या जागी, चालू स्थितीत. यापेक्षा चांगलं संग्रहालय कोणी मागावं? तरीही २०१६ मध्ये लँकेशायर कौंटी कौन्सिलनं खर्चकपातीत ते बंद केलं. पुढे ते मर्यादित दिवसांसाठी उघडलं, पण जगातला एवढा मोलाचा ठेवा एका अंदाजपत्रकाच्या ओळीवर लटकलेला आहे हे त्या वर्षी सगळ्यांना दिसलं. सरकारी अनुदानावर जगणारी आठवण सरकारच्या मर्जीवर जगते. दुकानाचं भाडं इमारतीच्या छपरासाठी वापरता येतं, आणि छप्पर असेल तरच खालचे माग टिकतात.

दुकानं आली की इतिहास पुसला जातो, हा आणखी एक आक्षेप. लिव्हरपूलच्या अल्बर्ट डॉककडे पाहा. जेसी हार्टलीनं बांधलेली ही गोदी १८४६ मध्ये सुरू झाली. लोखंड, वीट आणि दगड यांचाच सांगाडा, लाकूड टाळलेलं, म्हणजे त्या काळी आगीला न जुमानणारी गोदामं. कापूस, साखर, तंबाखू, चहा इथे उतरे. १९७२ मध्ये गोदी बंद झाली, पाण्यात गाळ साचला, इमारती पाडण्याचे बेत अनेकदा झाले. १९८० च्या दशकात सरकारी विकास महामंडळानं ती हाती घेतली आणि १९८८ मध्ये दुकानं, हॉटेलं, टेट कलादालन यांच्यासह ती पुन्हा उघडली. आणि याच गोदीत, याच हॉटेलांच्या गर्दीत, २००७ मध्ये गुलामगिरीच्या इतिहासाचं आंतरराष्ट्रीय संग्रहालय सुरू झालं. लिव्हरपूलची श्रीमंती कोणाच्या पाठीवरच्या वळांतून आली हे तिथे स्पष्ट शब्दांत लिहिलेलं होतं. २०२५ मध्ये नूतनीकरणासाठी ते बंद होईपर्यंत नाश्ता करायला आलेला माणूस वर चढायचा आणि ते वाचून खाली उतरायचा. गोदामं पाडून तिथे वाहनतळ झाला असता तर हे संग्रहालय कुठे राहिलं असतं?

या गोदीशी मुंबईचं नातंही आहे. अमेरिकेतल्या गुलामांनी वेचलेला कापूस लिव्हरपूलला उतरायचा. १८६१ ते १८६५ च्या तिथल्या यादवीत तो थांबला, आणि लँकेशायरनं पश्चिम भारताच्या कापसाकडे धाव घेतली. त्या तेजीत मुंबईच्या व्यापाऱ्यांच्या हाती अफाट पैसा आला. यादवी संपताच बाजार कोसळून अनेक जण बुडालेही. पण मुंबई कापसाचं शहर झाली ती त्याच वर्षांत, आणि पुढच्या दशकांत परळ-लालबागला एकामागून एक धुराडी उभी राहिली. ताडदेवची पहिली गिरणी कावसजी नानाभाई दावर यांनी त्याआधीच, १८५४ मध्ये, स्थापन केली होती. तेव्हा ‘व्हिक्टोरियन कारखाना’ हा इंग्रजांचा घरगुती विषय नाही. तो आमच्या चाळीच्या मागच्या भिंतीपलीकडे होता.

एका ठिकाणी मी आक्षेप घेणाऱ्यांच्या बाजूनं उभा राहतो. लंडनच्या किंग्ज क्रॉसमागे कोल ड्रॉप्स यार्ड आहे. १८५० च्या दशकात बांधायला घेतलेली ही कोळसा उतरवायची जागा. यॉर्कशायरहून आलेल्या वाघिणी वरच्या मजल्यावरच्या रुळांवर चढत, वाघिणीचा तळ उघडला की कोळसा मधल्या कोठारात कोसळे, आणि खाली पोती भरून घोडागाड्यांतून शहरभर जाई. मधल्या काळात तिथे छोटे कारखाने होते, नंतर नाइट क्लब. २०१८ मध्ये थॉमस हेदरविकच्या स्टुडिओनं तिथल्या दोन लांबलचक इमारतींची छपरं वाकवून मध्यावर एकमेकांना भिडवली आणि खाली महागड्या वस्तूंची दुकानं मांडली. काम देखणं आहे, विटा आणि लोखंड जपलेलं आहे. पण दुकानं चालताना धापा टाकतात, अनेकांनी गाशा गुंडाळला. ज्या वस्तीत आजही साधी माणसं राहतात तिथे त्यांच्या खिशाला परवडेल असं फार थोडं ठेवलं गेलं. शिवाय भोवतीचे चौक सगळ्यांना खुले दिसले तरी जमीन खासगी आहे, पहारेकरी मालकाचे. हा राग रास्त आहे. पण हा राग भाड्यावर आहे, मालकीवर आहे. त्या विटांनी कोणाचं काय बिघडवलं? त्याच आवारातल्या धान्याच्या कोठारात, लुईस क्युबिटच्या १८५२ च्या इमारतीत, २०११ पासून सेंट्रल सेंट मार्टिन्स हे कलाविद्यालय चालतं आणि दिवसभर विद्यार्थ्यांनी गजबजलेलं असतं. शेजारशेजारच्या दोन जुन्या इमारती: एकीत भरभराट, दुसरीत ओढाताण. फरक आत काय ठेवलं त्याचा आहे.

आता मुंबई. इथे आपलं आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी झालं आहे.

१९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या अठ्ठावन्नाव्या नियमानुसार बंद गिरणीच्या जमिनीचा पुनर्विकास करायचा तर तीन वाटे: एक महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. १९९६ मध्ये चार्ल्स कोरिया यांच्या अभ्यासगटानं गिरण्यांच्या जमिनींचा एकत्र विचार करणारा आराखडा मांडला. तो धूळ खात पडला. २००१ मध्ये नियम बदलला. वाटणी करायची ती फक्त मुळातच मोकळ्या असलेल्या जमिनीची. शेड पाडून जी मोकळी होईल ती वाटणीतून बाहेर. गिरण्यांच्या जमिनीवर मोकळं असं किती असणार? बहुतेक जागा शेडनीच व्यापलेली. बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल अ‍ॅक्शन ग्रुप न्यायालयात गेला, २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला, आणि मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो फिरवला. त्या दिवसापासून गिरणीची शेड ही मालकाच्या दृष्टीनं पाडून टाकायची अडगळ झाली, कारण ती पडली की तिच्याखालची जमीन कोणालाही वाटा न देता त्याचीच. सार्वजनिक मैदानं गेली, कामगारांची घरं गेली, आणि शेडही गेल्या. तिन्ही एकाच कलमानं गेलं.

हे घडत असताना आपण कशावर लिहीत होतो? पब आणि बोलिंगवर. गिरणीच्या आवारात तरुण पोरं नाचतात यावर. काचेचा बुरुज उभा राहिला, त्यात बँकांची कार्यालयं आली, त्याबद्दल फार थोडं. हॉटेलात येणारा माणूस डोळ्यांना दिसतो, त्याच्यावर राग धरणं सोपं. नियमावलीतली दोन ओळींची दुरुस्ती कोणाच्या डोळ्यांना दिसत नाही.

हॉटेलांनीच बुरुजांची वाट मोकळी करून दिली, असंही कोणी म्हणेल. आधी करमणूक, मग मॉल, मग टॉवर, हा क्रम अनेक आवारांत दिसला, मी नाकारत नाही. पण तो क्रम शक्य झाला कारण शेड राखण्याचं बंधन कोणावर नव्हतं. अल्बर्ट डॉक पहिल्या दर्जाची संरक्षित वास्तू आहे, सॉल्ट्स मिलही संरक्षित यादीत आहे. तिथला मालक परवानगीवाचून वीट हलवू शकत नाही, मग आत पुस्तकं विको की पास्ता. मुंबईत १९९५ पासून वारसा नियमावली आहे, पण गिरण्यांच्या शेडना तिचा आधार क्वचितच मिळाला. आम्ही देवळं, चर्च, सरकारी कचेऱ्या यांच्यासाठी भांडलो. साचेखात्यासाठी भांडायला आमच्यातले फार थोडे पुढे आले, कारण जे पुढे यायला हवे होते ते म्हणत होते, की इमारतीचं कौतुक हे बड्यांचं काम.

कमला मिलचं नाव निघणार, निघायलाच हवं. २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्री तिथल्या आगीत चौदा जण गेले. जुन्या गिरणीत हॉटेल काढलं की असं होतं, असं तेव्हा लिहिलं गेलं. पण ती आग लागली ट्रेड हाउस नावाच्या इमारतीच्या गच्चीवर, पेट घेणाऱ्या आच्छादनाखाली. जुन्या शेडशी तिचा संबंध नव्हता. जुने गिरणी बांधणारे आगीला फार भीत. कापसाच्या कारखान्यात एक ठिणगी पुरते हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून लोखंडी खांब, विटांच्या कमानी, वर पाण्याची टाकी. त्या रात्रीची माणसं परवाने देणाऱ्यांच्या आणि डोळेझाक करणाऱ्यांच्या हातून गेली. त्याआधी तीनच महिने, २९ सप्टेंबरला, जवळच्याच एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर चेंगराचेंगरीत तेवीस माणसं मेली होती. तीही काही कॉफी प्यायला निघाली नव्हती. गिरण्यांच्या जागी हजारो माणसांची कार्यालयं झाली आणि पूल तोच अरुंद राहिला. मला गिरणगावाचा अपमान बघायचा असेल तर मी त्या पुलाकडे बघतो.

आणखी एक गोष्ट या वादात कोणी बोलत नाही. गिरणगावात परक्याच्या हातचं जेवण विकत घेऊन खाणं शंभर वर्षांचं आहे. कोकणातून, घाटावरून आलेला एकटा गडी खानावळीत जेवायचा. एकेक बाई आपल्या दहा बाय बाराच्या खोलीत वीस-पंचवीस गड्यांचा स्वयंपाक करायची, पाळीप्रमाणे तीन वेळा चूल पेटायची, आणि हिशेब पगाराच्या दिवशी. उसनवारीवर आणलेलं धान्य, सावकाराचं व्याज. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये याच बायांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभारलं आणि बँकांची कर्जं मिळवून दिली. संपाच्या काळात घर कोणी चालवलं असं विचारलं तर उत्तर या बायांच्या चुलीपाशी जातं. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांच्या ‘कथा मुंबईच्या गिरणगावची’ या पुस्तकात गिरणगावातली माणसं स्वतःच्या तोंडानं आपलं आयुष्य सांगतात. ते वाचलं की कळतं, हा भाग कापड विणण्याइतकाच रांधण्यावर चालत होता. आज गिरणीत रेस्टॉरंट आलं याचं मला दुःख नाही. त्या रेस्टॉरंटच्या भटारखान्यात, गल्ल्यावर, मालकीत या बायांच्या लेकी-सुना कुठेच नाहीत, याचं आहे. ही मागणी आपण कधी केलीच नाही. आपण म्हणत राहिलो, इथे हॉटेलच नको.

काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिलच्या जागेत वस्त्रोद्योगाचं संग्रहालय करायचं महापालिकेनं कित्येक वर्षांपूर्वी ठरवलं. जुन्या शेड, धुराडं, तलाव असलेली ती जागा आहे आणि सार्वजनिक मालकीची आहे, म्हणजे तिथे मालकाच्या नफ्याची सबबही सांगता येत नाही. तिथे माग चालू स्थितीत हवेत आणि ते चालवणारी माणसं अजून जिवंत आहेत तोवर त्यांना पगारावर घ्यायला हवं. पण तेवढ्यावर थांबलं तर क्वीन स्ट्रीटसारखी गत होईल. म्हणून एका शेडमध्ये रोजचा बाजार हवा: सोलापूरची चादर, इचलकरंजीचं कापड, पैठणच्या विणकराचा माल, मधल्या दलालाशिवाय. दुसऱ्या शेडमध्ये खानावळ हवी, गिरणी कामगारांच्या घरांतल्या बायांच्या सहकारी संस्थेची, भाकरी-मासळी-उसळ परवडेल अशा दरात आणि रात्रीच्या पाळीवरून येणाऱ्या टॅक्सीवाल्यालाही मिळेल अशा वेळेत. दुकानांचं भाडं संस्थेच्या खात्यात जावं आणि त्यातून छप्पर शाकारलं जावं. वारसा यादीत त्या शेडचं नाव घातलं जावं, आगीचा दाखला दरवर्षी फाटकावर लावला जावा. या मागण्या घेऊन महापालिकेच्या दारात बसायला कामगार संघटना तयार असतील तर मी त्यांच्याबरोबर आहे.